बाटली आधी दुकानात उभी करून बघा: ग्राफिक डिझाइनमधल्या संशोधनाबद्दल

चिपळूणजवळ राहणाऱ्या एका तरुण डिझायनरने विचारलं आहे: "उपयोजित कला शिकताना प्रत्येक प्रोजेक्टला संशोधनाची फाइल करावी लागायची. नेटवरची चित्रं, थोडी माहिती, रंगांचे तुकडे चिकटवायचे, त्याला मार्क मिळायचे. आता दोन वर्षं स्वतः कामं घेते. क्लायंट सोमवारी फोन करतो आणि बुधवारी लेबल मागतो. सध्या काजूच्या पाकिटाचं काम हातात आहे. अशा कामात संशोधन म्हणजे नक्की काय करायचं, कसं करायचं आणि त्याचे पैसे मागायचे कसे?"

मी कुडाळात बावीस वर्षं हेच काम करते. लेबलं, खोके, दुकानांच्या पाट्या, आंब्याच्या पेट्या, पतसंस्थांचे अहवाल, आरोग्य विभागासाठी पोस्टर. तुमचा प्रश्न मलाही पहिली पाच-सहा वर्षं छळत होता, म्हणून जरा लांबण लावून उत्तर देते.

फाइलीत तुम्ही जे करत होतात त्याला मी संदर्भ गोळा करणं म्हणेन. त्याचाही उपयोग असतो, हात मोकळा होतो, डोळ्यांना खाद्य मिळतं. पण संशोधनाची माझी खूण वेगळी आहे. ते करण्याआधी आपण काहीतरी धरून चाललेलो असतो, आणि ते केल्यावर ते चुकीचं ठरू शकतं. चुकीचं ठरण्याची शक्यताच नसेल, तर आपण आधीच ठरवलेल्या गोष्टीला पुरावे जोडत बसलो आहोत. डिझाइनचे अभ्यासक क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये याची एक उपयोगी विभागणी मांडली होती: डिझाइनविषयीचं संशोधन, डिझाइन करत करत होणारं संशोधन आणि डिझाइनसाठी केलेलं संशोधन. पहिलं इतिहासकार-अभ्यासकांचं. तुमच्या-माझ्या पोटापाण्याचा संबंध उरलेल्या दोघांशी, आणि त्यातही मधलं सगळ्यात दुर्लक्षित. डमी, म्हणजे छपाईआधीचा नमुना, बनवायची, ती लोकांसमोर ठेवायची, फसली की का फसली ते समजून पुन्हा बनवायची, हे संशोधनच आहे. कॉलेजात ते फाइलीत बसत नाही म्हणून त्याला मार्क नसतात.

मला हे ज्या कामाने शिकवलं ते सांगते. एका बचत गटाचं कोकमाचं काम होतं. दोन वस्तू: आगळ आणि सरबत. आपल्याला फरक सांगावा लागत नाही. आगळ म्हणजे रातांब्यांचा, कोकमाच्या फळांचा, मीठ घातलेला घट्ट रस, सोलकढीसाठी. सरबत म्हणजे साखरेच्या पाकातलं, पाणी घालून प्यायचं. मी दोन्हींना एकाच घराण्यातली दिसतील अशी लेबलं केली. गडद लाल जमीन (म्हणजे पार्श्वभूमी), मधोमध चिरलेला रातांबा, वर मोठ्या हस्ताक्षरात नाव. बाटलीही एकच, कारण घाऊक घेताना स्वस्त पडत होती. लेबलं देखणी झाली होती. गटातल्या सगळ्या बायकांना आवडली, मलाही आवडली.

मे महिन्यात महामार्गावरच्या एका दुकानदाराचा फोन आला. "ताई, लेबल बरां असा, पन बाटले परत इले." गटाच्या अध्यक्ष काकींनी फोनवर नीट सांगितलं: "मुंबयवाल्यांनी पाण्यात घालून पिल्यानी गो!" आगळ थंड पाण्यात ओतून, बर्फ घालून, पाहुण्यांना सरबत म्हणून दिलं होतं. खारट पाणी. एकाच नव्हे, चार-पाच गिऱ्हाइकांच्या घरी हेच झालं होतं.

माझी पहिली समजूत अशी की मुंबईच्या लोकांना ‘आगळ’ हा शब्द माहीत नाही, तेव्हा खाली बारीक अक्षरांत खुलासा टाकला की झालं. हे मी तसंच करून मोकळी झाले असते. पण छपाईचा खर्च गटाचा होता आणि दुसऱ्यांदा चुकायची सोय नव्हती, म्हणून मी दोन दुपारी त्या दुकानात एका कोपऱ्यात स्टूल टाकून बसले. काहीही विचारलं नाही. फक्त बघत होते.

गाडी थांबते, चार माणसं उतरतात, एक थेट बाथरूम कुठे विचारतो. उरलेले शेल्फसमोर उभे राहतात. बाटली हातात घेतात आणि पहिली गोष्ट करतात ती म्हणजे ती उजेडाकडे धरून रंग बघतात. मग फिरवून किंमत शोधतात. नाव वाचणं जवळपास नाहीच. मग दुकानदाराला विचारतात, "सरबतच ना हे?" दुकानदार गल्ल्यावर सुटे मोजत असतो, लांबूनच बाटलीचा लाल रंग बघतो आणि म्हणतो, "व्हय, सरबत." त्यालाही माझ्या दोन लेबलांतला फरक आठ फुटांवरून दिसत नव्हता.

म्हणजे अडचण शब्दात नव्हतीच, निदान एकट्या शब्दात नव्हती. अडचण माझ्या सगळ्यात लाडक्या निर्णयात होती: दोघांचं एकसारखं दिसणं. खुलाशाची ओळ कितीही चांगली लिहिली असती तरी ती वाचायला कोणी बाटली डोळ्यांजवळ नेत नव्हतं. हे मला कुठल्याही प्रश्नावलीने सांगितलं नसतं, कारण विचारलं असतं तर प्रत्येकाने "हो, आम्ही वाचून घेतो" असंच सांगितलं असतं. लोक खोटं बोलत नाहीत. आपण काय करतो हे माणसाला स्वतःला नीट ठाऊक नसतं.

दुसऱ्या वेळी आगळाला लहान बाटली आणि पांढरी जमीन दिली. नावाच्या वर, नावाइतक्याच ठळक अक्षरांत ‘सोलकढीसाठी’, आणि खाली ‘मीठ घातलेलं, साखर नाही’. सोबत सोलकढीच्या वाटीचं चित्र. त्या डमीची एक प्रिंट काढून खऱ्या बाटलीवर चिकटवली आणि एसटी स्टँडवर गेले. दहा-बारा जणांना बाटली पाच सेकंद दाखवली, पिशवीत ठेवली आणि एवढंच विचारलं: "ही घरी नेलीत तर तिचं काय कराल?" ‘सोलकढी’ बहुतेकांनी सांगितलं, पण तिघांनी "आमटीत घालायचं काहीतरी" असं सांगितलं. वाटीतला माझा गुलाबी रंग जास्त मातकट झाला होता, वर कोथिंबीर काढली होती, ती आमटी दिसत होती. रंग फिका केला, बाजूला नारळाची अर्धी भकल ठेवली. पुन्हा स्टँडवर. आमटी गेली. या सगळ्याला दोन दुपारी, दोन सकाळी आणि काही रंगीत प्रिंट्स एवढा खर्च आला.

यातून विचारायच्या प्रश्नाबद्दल बोलते, कारण बहुतेकांचं तिथेच चुकतं. "आवडलं का?" हा प्रश्न संशोधनातून काढून टाका. कोकणात तर विशेष, कारण दारात आलेल्या माणसाला "नाही आवडलं" असं तोंडावर सांगणं आपल्या रीतीत बसत नाही. क्लायंट व्हॉट्सअ‍ॅपवर तीन लोगो टाकून घरच्यांचा कौल घेतात, तोही याच जातीचा. त्यातून भाचीला निळा आवडतो एवढं कळतं. त्याऐवजी वस्तू दाखवून, लपवून, विचारावं: हे काय आहे? कोणासाठी आहे? किती रुपयांचं असेल? घरी नेऊन काय कराल? आणि उत्तर आल्यावर गप्प राहावं. आपण समजावून सांगायला लागलो की चाचणी संपली. दुकानात लेबलाशेजारी आपण उभे राहून समजावणार नसतो.

किती माणसांना विचारायचं, असा पुढचा प्रश्न येतो. वेबसाइट वापरायला किती सोपी आहे याचा अभ्यास करणारे जेकब नीलसन यांच्यामुळे ‘पाच माणसं पुरतात’ हे वाक्य फार फिरलं आहे. ते वेबसाइट-सॉफ्टवेअर वापरताना येणाऱ्या अडचणी शोधण्याबद्दल होतं: पाच जणांत बऱ्याचशा मोठ्या चुका सापडतात, मग दुरुस्त करून पुन्हा पाच जण घ्यावेत. चुका शोधायला हे आपल्यालाही चालतं. पण पाचातल्या चौघांना कळलं म्हणून "ऐंशी टक्के लोकांना कळतं" असं क्लायंटला लिहून देऊ नका.

समजणं आणि उलटं समजणं यांतला फरक मला एका पोस्टरने शिकवला. सिंधुदुर्गात भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. उंदरांच्या, गुरांच्या लघवीने दूषित झालेल्या चिखलपाण्यात तासन्‌तास पाय असतात आणि पायाला जखम असली की जंतू आत जातो. पोस्टरसाठी मी उंदीर काढला, त्यावर लाल फुली मारली, खाली सूचना. लावणीच्या एका मळ्यात बांधावर बसून ते बायकांना दाखवलं. त्यातल्या एका मावशींनी क्षणभर बघितलं आणि विचारलं, "ही उंदराच्या औषदाची जायरात मा?" बाकीच्यांनीही मान हलवली. फुली मारलेला उंदीर त्यांनी आयुष्यभर विषाच्या पुड्यांवरच बघितला होता. नंतरच्या पोस्टरवर उंदीर कोपऱ्यात लहान झाला आणि मधोमध आली ती चिखलातली, टाचेला भेग पडलेली पावलं.

चिन्हं तपासण्याच्या शास्त्रात याचा विचार केलेला आहे. अमेरिकेच्या एएनएसआय झेड५३५.३ या सुरक्षाचिन्हांच्या मानकात चिन्ह मान्य व्हायला किमान ८५ टक्के लोकांनी त्याचा बरोबर अर्थ सांगावा लागतो, आणि त्याच वेळी धोकादायक उलटा अर्थ लावणारे ५ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नयेत. दोन आकडे वेगळे ठेवले आहेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. न कळलेला माणूस निदान शेजारच्याला विचारतो. उलटं कळलेला विचारत नाही, तो तसं वागतो. आपल्या आगळाच्या गिऱ्हाइकांचं हेच झालं होतं.

आता बाजारातल्या पाहणीकडे. यासाठी मोबाइल पुरतो. ज्या शेल्फवर तुमची वस्तू जाणार, त्या शेल्फचा समोरून फोटो काढा. दुकानदाराची परवानगी घेऊन. मग त्या प्रकारची जितकी पाकिटं मिळतील तितकी विकत घ्या किंवा रिकामी मागून आणा आणि घरी जमिनीवर मांडा. एकेक बघताना जे दिसत नाही ते एकत्र मांडल्यावर दिसतं. हापूसच्या खोक्यांचं असं एकदा मांडलं तर सगळी पिवळी, सगळ्यांवर पान असलेला आंबा, सगळ्यांवर ‘अस्सल’. शब्द आणि चित्र इतकं झिजलेलं की कोणाचं कोणतं ते कळेना. आणि आणखी एक: सगळ्यांनी जीव ओतला होता तो झाकणावर. बाजारात पेट्या एकावर एक रचतात. सगळ्यात वरची सोडली तर एकाही पेटीचं झाकण दिसत नाही, दिसते ती बाजू. जुन्या लाकडी पेट्यांवर बागायतदार स्टेन्सिलने काळ्या रंगात आपला मार्का मारत, तो बाजूच्या फळीवर. त्यांना कोणी डिझाइन शिकवलं नव्हतं. थप्पीतून आपली पेटी शोधायची असते हे त्यांना रोज दिसत होतं. नवीन पुठ्ठ्याच्या खोक्यावर मी नाव आता चारही बाजूंना टाकते आणि झाकण जवळजवळ मोकळं ठेवते.

हापूसवरूनच आठवलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे येतात. त्याचं चिन्ह खोक्यावर टाका असं क्लायंट सहज सांगतो. त्याची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झाली आहे का, हे विचारणं तुमच्या संशोधनात येतं. वेंगुर्ल्याच्या काजूलाही मानांकन आहे, म्हणून तुमच्या पाकिटासाठी हे लागू पडेल. काजू कुठून येतो ते विचारा. चिपळूणच्या आसपासच्या काजूवर केवळ नाव खपतं म्हणून ‘वेंगुर्ला’ छापू नका.

दृश्य संदर्भांबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. नेटवर कोकणची कला म्हणून शोधलं की वारली चित्रं समोर येतात, आणि मग मालवणच्या होमस्टेवर, देवगडच्या आंब्यावर, सावंतवाडीच्या काजूवर वारलीतली नाचणारी माणसं दिसतात. वारली ही उत्तरेकडची, डहाणू, जव्हार, तलासरी भागातल्या आदिवासींची कला. ती कोकणातलीच, पण देवगडपासून चारशे-पाचशे किलोमीटर लांबची. इथे कुडाळपासून हाकेच्या अंतरावर पिंगुळी आहे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी जपली आहे. रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर रंगवायचे, ती पोथी पुढ्यात घेऊन एकेक चित्र दाखवत कथा गायची. परशुराम गंगावणे यांना या कामासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली आणि तिथे संग्रहालयही आहे. सावंतवाडीत गंजिफा आहे: लाखेचा लेप दिलेले गोल पत्ते, दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पत्ते, म्हणजे एकशे वीस. गोल पत्त्यात आकृती बसवताना त्या कलाकारांनी हात, धनुष्य, मुकुट कसे वळवले आहेत ते भिंगातून बघा. गोल लोगोत अक्षर बसवताना मला त्याचा जितका उपयोग झाला तितका कुठल्याही पुस्तकाचा झाला नाही. मी ती चित्रं उचलली नाहीत, जागा भरण्याची रीत शिकले. चित्रच वापरायचं असेल तर चित्रकाराकडे जा, काम द्या, पैसे द्या, नाव छापा. नेटवरून आकृती ट्रेस करून घेणं याला संशोधन म्हणता येत नाही.

यानंतर अक्षर. देवनागरीच्या चाचण्या आपल्यालाच कराव्या लागतात, कारण वाचनसुलभतेवरचं जे साहित्य हाताशी येतं त्यातलं बरंचसं रोमन लिपीवर आहे. ‘अक्षरांमध्ये जरा अंतर सोडलं की नाव भारदस्त दिसतं’ हा रोमनचा सल्ला मराठीत वापरला की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. लहान आकारात आधी मरतो तो अनुस्वार, मग रफार, मग उकार. ‘आंबा पोळी’ खरखरीत पुठ्ठ्यावर उलट्या छपाईत, म्हणजे गडद जमिनीवर पांढऱ्या अक्षरांत, सहा पॉइंटात, म्हणजे अगदी बारीक आकारात, छापलीत तर शाई पसरून टिंब बुजतं आणि ‘आबा पोळी’ उरते. हे स्क्रीनवर कधीच दिसत नाही. म्हणून माझी सवय: ज्या कागदावर काम छापायचं त्याच कागदावर, त्याच प्रेसमध्ये, सहापासून बारा पॉइंटापर्यंत एकच ओळ छापून घ्यायची. ओळीत मुद्दाम अवघड जोडाक्षरं घालायची. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ हा फॉन्ट मोफत आहे आणि सात जाडींत मिळतो, जाडीची तुलना करायला सोयीचा. मग ती पट्टी घरातल्या साठीच्या पुढच्या माणसाला चष्म्याशिवाय वाचायला द्यायची, संध्याकाळी, स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली. कारण पाकिटावरची मुदत तिथेच वाचली जाणार आहे.

ल आणि श यांच्याकडेही लक्ष ठेवा. मराठी वाचकाला पाकळीचा ल आणि देठाचा श ओळखीचा. काही फॉन्टमध्ये ते आत असतात, पण सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय बाहेर येत नाहीत, आणि मग हिंदी वळणाचे ल-श छापले जातात. तसंच ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यातला अर्धा र: प्रेसवाल्याकडे जुनं व्हर्जन असलं की तो मोडून भलतंच काही होतं. आर्टवर्क कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या आकृती करून, पाठवा आणि प्रूफ शब्दन्‌शब्द वाचा.

हवामान हीसुद्धा संशोधनाची गोष्ट आहे, आणि ती तुम्हाला मुंबई-पुण्याच्या डिझायनरपेक्षा जास्त कळते. जुलैत आपल्याकडे भिंतीला ओल येते. साध्या क्रोमो कागदाचं लेबल पावसाळ्यात कडेने सुटतं, फ्रीजमधल्या बाटलीवर तर दोन दिवसांत सुरकुततं. लेबलाचा नमुना चिकटवलेली बाटली रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवा, सकाळी अंगठ्याने घासा. दुसरी एक बाटली दुकानाच्या उन्हाच्या बाजूला पंधरा दिवस ठेवून द्या, कोणता रंग उडतो ते दिसेल. माझ्या अनुभवात लाल आणि किरमिजी सगळ्यात आधी जातात, आणि आपलं कोकम नेमकं त्याच रंगात असतं.

नियमांवर फार शब्द घालवत नाही, पण ते डिझाइन सुरू करण्याआधी वाचा, शेवटी नव्हे. अन्नपदार्थांसाठी २०२० ची लेबलिंग आणि डिस्प्लेची नियमावली आहे, आणि पॅकबंद मालासाठी २०११ चे वैधमापन, म्हणजे वजन-मापाचे, नियम. शाकाहाराचं हिरवं चिन्ह किती मोठं हवं हे मुख्य दर्शनी भागाच्या क्षेत्रफळावर ठरतं: १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत वर्तुळाचा व्यास किमान ३ मिलिमीटर, १०० ते ५०० पर्यंत ४ मिलिमीटर, आणि भोवतालचा चौकोन व्यासाच्या दुप्पट बाजूचा. चौदा आकडी परवाना क्रमांक, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, मुदत यांना जागा लागते. ही जागा आधी आखून घेतलीत तर रचनेचा भाग होते. नंतर आठवली तर ठिगळासारखी दिसते.

आता संशोधनाची मर्यादाही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की चाचण्या केल्या की डिझाइन आपोआप हातात पडतं. ब्रिटनमध्ये महामार्गांच्या पाट्या नव्याने करायच्या होत्या तेव्हा जॉक किनियर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट या डिझायनरांनी इंग्रजीच्या लहान-मोठ्या (स्मॉल आणि कॅपिटल) अक्षरांची मिसळ असलेली लिपी, म्हणजे फॉन्ट, केली. १९५८ च्या प्रेस्टन बायपासवर तिच्या पाट्या प्रथम लागल्या. डेव्हिड किंडर्सले या अक्षरकोरक्याने विरोध केला आणि स्वतःची, फक्त मोठ्या अक्षरांची लिपी पुढे आणली. मग एका विमानतळावर स्वयंसेवकांना बसवलं, गाडीवर पाट्या लावून ती त्यांच्याकडे चालवत आणली आणि कोणती किती लांबून वाचता येते ते मोजलं. मोजमापात किंडर्सलेची लिपी अगदी थोड्या फरकाने पुढे निघाली. तरी निवडली गेली ती किनियर-कॅल्व्हर्ट यांची, कारण फरक नगण्य होता आणि दिसायला ती सरस वाटली. काहींना हा संशोधनाचा पराभव वाटतो. मला तसं वाटत नाही. मोजल्यामुळेच कळलं की वाचनीयतेत दोन्ही जवळजवळ सारख्या आहेत, म्हणजे निवड नजरेवर सोपवायला हरकत नाही. न मोजता नजरेवर सोपवणं आणि मोजून सोपवणं यांत रस्त्यावरच्या माणसाच्या जिवाइतका फरक आहे.

पैशाचं. ‘संशोधन शुल्क’ असा वेगळा आकडा लिहिलात तर आपल्याकडचा क्लायंट तो पहिल्यांदा खोडतो, हे मी बराच काळ सोसलं. आता मी कोटेशनमध्ये ‘डमी आणि दुकानातली तपासणी, दोन फेऱ्या’ असं लिहिते आणि ते आर्टवर्कच्या रकमेतच धरते. सोबत फेरछपाईचा हिशोब तोंडी मांडते: पाच हजार पाकिटं चुकली तर काय जाईल ते त्यांनाच सांगू द्यायचं. बाटल्या परत आलेल्याची गोष्ट सांगते. कोकणी माणूस पैशाला जपून असतो, आणि त्याच कारणाने त्याला हे लवकर पटतं. ज्याला तरीही पटत नाही त्याचं काम मी घेते, पण एक दुपार माझ्या खर्चाने दुकानात जातेच. ती माझी स्वतःची शिदोरी असते, पुढच्या दहा कामांना पुरते.

तर तुमचं काजूचं पाकीट, दोन दिवसांत. आज संध्याकाळी चिपळूणच्या बाजारात आणि महामार्गावरच्या एका दुकानात जा. काजूवाल्याला विचारा, गिऱ्हाईक काय म्हणून मागतं: सालीसकट, भाजलेला, खारा, तुकडा, की ‘मोठा’. पाकिटांवर डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० असं लिहिलेलं दिसेल. तो एका पौंडात साधारण किती गर बसतात त्याचा आकडा असतो, म्हणजे आकडा लहान तितका काजू मोठा. हे किती गिऱ्हाइकांना कळतं ते तिथेच उभं राहून बघा. माझा अंदाज आहे की बरेच जण ३२० ला २४० पेक्षा भारी समजतील. पण हा माझा अंदाज आहे, तुम्ही दोन पाकिटं पुढे करून विचारा, "यातला मोठा काजू कोणता?" उत्तर तसंच आलं, तर पाकिटावर आकड्याच्या शेजारी खऱ्या आकाराचा काजू छापायचा का, की पारदर्शक खिडकी ठेवायची, हे ठरवायला तुमच्याकडे कारण असेल. खिडकी ठेवणार असाल तर क्लायंटला आधी विचारा, आत तुकडा किती असतो. वाटेत काजू फुटत असेल तर खिडकीतून खाली साचलेला चुराच दिसेल.

उद्या सकाळी दोन डमी करा. प्रिंट काढून खऱ्या पाकिटावर चिकटवा, आत काजू भरा, रिकामं पाकीट दाखवू नका, ते वेगळं दिसतं. दुपारी त्याच दुकानात, त्याच शेल्फवर, इतर पाकिटांच्या रांगेत ठेवा आणि आठ फुटांवरून फोटो काढा. मग कोपऱ्यात एक स्टूल मागून घ्या.